ढिगाऱ्यावरची दुसरी पिढी

उघड्या खाणीतून कोळसा काढून झाल्यावर मागे उरलेल्या दगडमातीच्या एका जुन्या ढिगाऱ्यावर मी आणि माझा एक सहकारी गुडघे टेकून बसलो होतो. अशी जमीन पुन्हा सुधारली का, ते तपासणे हे आमचे काम. आमच्या मध्ये एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी ॲल्युमिनियमची चौकट ठेवलेली होती आणि तिच्यातली किती टक्के जमीन वनस्पतींनी झाकली आहे, एवढेच आम्हाला नोंदवायचे होते. एकमेकांच्या वहीत न डोकावता आकडा लिहायचा, असा आमचा शिरस्ता होता. त्याने 80 लिहिले, मी 60. आम्ही दोघेही हे काम बरीच वर्षे करत आलेलो असूनही घरातल्या सतरंजीएवढ्या जागेत आमचा हिशेब 20 टक्क्यांनी चुकत होता. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. तो बसल्या जागेवरून तिरपे पाहत होता आणि तिरपे पाहिले की गवत नेहमीच दाट दिसते. मी वाकून वरून पाहत होतो, त्यामुळे काड्यांमधली उघडी माती मला दिसत होती. शेवटी चौकटीला दोऱ्या बांधून शंभर छेदनबिंदू तयार केले, प्रत्येक बिंदूवरून पोलादाची बारीक सळई सरळ खाली सोडली आणि ती कशाला टेकते ते मोजले. 66 वेळा ती पानाला किंवा काडीला टेकली. दोघांचेही चुकले होते, त्याचे जरा जास्त, हे मी त्याला अधूनमधून ऐकवत असतो.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र हा आकडा हाती आल्यानंतरची आहे. 66 हे उत्तर नेमके होते, पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते?

खाणीवरची माणसे या ढिगाऱ्यांना ‘ओबी’ म्हणतात. ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशाच्या थराच्या वर असलेले आणि म्हणून वाटेत येणारे सगळे काही. खोदताना ते उलथले जाते. जे जमिनीखाली खोल होते, ज्याने लाखो वर्षे हवा आणि ऊन पाहिले नव्हते, ते वर येते, आणि वरचा वीतभर सुपीक थर, वेगळा काढून जपून ठेवला नसेल तर, कुठेतरी तळाशी गाडला जातो. वेगळा ठेवला तरी तो उंच रास करून वर्षानुवर्षे पडून राहिला, तर आतल्या भागाला हवा मिळत नाही, बियाण्यांचा साठा मरतो आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशा क्षीण होत जातात. आपण ज्याला माती म्हणतो ती खरे तर एक व्यवस्था असते. ढिगाऱ्यावर असतो तो कच्चा माल. त्यावर बी फेकले, खत टाकले, टँकरने पाणी दिले, की दोन-तीन वर्षांत हिरवळ येते. ती येणारच. म्हणूनच तिसऱ्या वर्षीचा हिरवा रंग जमिनीचा नसून खताच्या पोत्याचा असतो, असे मी आता सरळ बोलून दाखवतो, आणि बैठकीत ते कुणालाही आवडत नाही.

ही शंका एकट्या माझी नाही, ती कायद्यातही उतरलेली आहे. अमेरिकेने 1977 साली उघड्या कोळसा खाणींसाठी जो केंद्रीय कायदा केला, त्यात खाणचालकाला आधी हमीची रक्कम भरावी लागते आणि जमीन पूर्ववत केल्याचे सिद्ध होईल तशी ती टप्प्याटप्प्याने सुटते. वर्षाला 26 इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या भागात वनस्पतींची जबाबदारी किमान 5 वर्षे आणि त्याहून कोरड्या भागात किमान 10 वर्षे चालकाकडे राहते. ही मुदत मोजण्याची रीत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. शेवटचे वाढीव बी पेरणे, शेवटचे खत, शेवटचे सिंचन ज्या वर्षी झाले, त्या वर्षानंतर घड्याळ सुरू होते. मध्येच पुन्हा खत टाकले, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आधार काढून घेतल्यानंतर जमीन काय करते ते पाहायचे आहे, एवढे नियम लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

झाडांच्या बाबतीतही तीच सावधगिरी आहे. लागवडीच्या कामात ‘जगण्याचे प्रमाण’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. हजार रोपे लावली, पहिल्या उन्हाळ्यात चारशे मेली, पुढच्या पावसात नांगे भरले, म्हणजे मेलेल्यांच्या जागी नवी रोपे लावली, आणि मोजणीच्या दिवशी साडेनऊशे उभी दिसली, की अहवालात 95 टक्के लिहिले जाते. त्यातली कित्येक रोपे गेल्याच वर्षीची असतात, आणि ज्या उन्हाळ्याने आधीची मारली तो उन्हाळा त्यांनी अजून पाहिलेला नसतो. अमेरिकी नियमांनी यावर उपाय म्हणून अट घातली की, मोजणीत धरलेल्या झाडाझुडपांपैकी किमान 80 टक्के झाडे जबाबदारीच्या किमान मुदतीपैकी 60 टक्के काळ त्या जागी उभी असली पाहिजेत. भर घालणे गैर नाही; पण नांगे भरलेले रोप आणि टिकलेले रोप एकाच रकान्यात आले की तो रकाना खोटे बोलू लागतो.

तरीही याच कायद्याच्या छायेत एक मोठी फसगत घडली आणि मूल्यमापनाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी असे मला वाटते. कायद्याला वनस्पतींचे आवरण वैविध्यपूर्ण, परिणामकारक आणि कायमस्वरूपी हवे होते. ते स्वतःहून पुन्हा उगवणारे आणि अनुक्रमणाने, म्हणजे आधीच्या वनस्पतींची जागा हळूहळू पुढच्या वनस्पती घेत, पुढे सरकणारे असावे, असेही त्यात म्हटले होते. यातली मोजायला सगळ्यांत सोपी गोष्ट कोणती, तर जमीन किती झाकली आहे. साहजिकच सगळा जोर तिच्यावर गेला. ॲपलाचिया पर्वतभागात, जिथे खाणीपूर्वी घनदाट पानझडी जंगले होती, तिथे उतार ढासळू नयेत म्हणून बुलडोझरने जमीन दाबून गुळगुळीत केली गेली आणि धूप होऊ नये, आवरणाचा आकडा लवकर गाठता यावा म्हणून टॉल फेस्क्यूसारखे आक्रमक गवत आणि सेरिसिया लेस्पेडेझासारखी दाट वाढणारी शेंगवर्गीय वनस्पती पेरली गेली. आवरण झकास आले. पण दाबलेल्या जमिनीत झाडांची मुळे शिरेनात, आणि जी रोपे जगली त्यांचा सूर्यप्रकाश आणि पाणी गवताने पळवले. चालकांना हमीची रक्कम परत मिळाली. जंगल परत आले नाही. हजारो एकरांवर वर्षानुवर्षे नुसते गवत आणि झुडपे राहिली, अनुक्रमणाची गाडी पहिल्याच थांब्यावर अडली. 2004 साली त्या भागातील राज्ये आणि केंद्रीय खाण कार्यालय यांनी एकत्र येऊन वनीकरणाच्या दृष्टीने नवी पद्धत पुढे केली, तिचा पहिला सल्लाच असा होता की मुळांसाठी किमान चार फूट भुसभुशीत भर टाका आणि ती दाबू नका. वरून ओबडधोबड, दगडाळ, थोडी उघडीवाघडी दिसणारी जमीन झाडांसाठी चांगली असते, हे तपासणीला येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना पटवणे अजूनही अवघड जाते. माझ्याही डोळ्यांना ते पटायला काही वर्षे लागली.

म्हणून आता चौकट ठेवण्याआधी मी कडे घेतो. हे वीतभर व्यासाचे पोलादी कडे जमिनीत थोडे ठोकायचे, त्यात मोजून पाणी ओतायचे आणि घड्याळ लावायचे. मघाच्या 66 टक्क्यांच्या चौकटीपासून चार पावलांवर मी हे केले, तेव्हा पाणी आत जाण्याऐवजी आरशासारखे स्थिर राहिले. त्यात ढग दिसत होते. अर्ध्या तासाने पातळी जेमतेम बोटभर उतरली. त्याच ढिगाऱ्याच्या मागच्या उतारावर, जिथे डंपरने माती ओतली आणि नंतर कोणी फिरकलेच नाही, तिथे तेवढेच पाणी ओतताओतताच नाहीसे झाले. चांगल्या जमिनीत एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण 1.3 ग्रॅम माती मावते. यंत्रांनी दाबलेल्या ढिगाऱ्यावर हा आकडा 1.7 किंवा 1.8 पर्यंत जातो आणि तिथे बहुतेक मुळे हार मानतात. गवत अशा जमिनीवरही काही वर्षे तग धरते, कारण त्याला वरचे चार बोटे पुरतात.

माती प्रयोगशाळेत पाठवली म्हणजे खरे कळेल, असाही एक समज आहे आणि कोळशाच्या जमिनीवर तो विशेष धोक्याचा आहे. एकदा आमच्या नमुन्यांत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत साठणारा कार्बन, इतका भरघोस आला की अहवाल वाचणाऱ्यांनी आमचे अभिनंदन केले. मला ते गळी उतरेना, कारण त्या खड्ड्यात एकही गांडूळ नव्हते आणि मुळेही तुरळक होती. उरलेला नमुना पांढऱ्या कागदावर पसरून भिंग धरले, तर वाळूच्या कणांमध्ये काळे, टोकदार, चकाकणारे तुकडे दिसले. तो कोळसा होता. नमुना भट्टीत जाळून वजनातली घट मोजली, तर कोळसाही जळतो. डायक्रोमेट हे रसायन वापरून कर्ब मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीतही त्याचा काही भाग हिशेबात येतो. म्हणजे ज्याला आम्ही पाच-सात वर्षांच्या पालापाचोळ्याची कमाई समजत होतो, ती कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अरण्याची शिल्लक होती. हा गोंधळ सोडवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे किरणोत्सर्गी कार्बन-14 मोजणे. त्याचे अर्धायुष्य सुमारे 5,730 वर्षे असल्याने कोळशात तो शिल्लकच नसतो, ताज्या पाचोळ्यात मात्र असतो. त्यावरून नवा कर्ब किती आणि जुना किती ते वेगळे काढता येते. ही तपासणी महाग आणि वेळखाऊ असल्यामुळे क्वचितच होते, आणि दरम्यान कितीतरी ढिगारे कागदोपत्री सुपीक ठरतात.

दुसरा धोका उशिरा येतो. ओबीमध्ये पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज असेल, तर ते हवा आणि पाणी लागल्यावर हळूहळू सल्फ्युरिक आम्ल तयार करते. वजनाच्या 1 टक्का पायराइटी गंधक असलेल्या हजार टन दगडमातीचे आम्ल मारायला 31.25 टन शुद्ध चुनखडी लागते, हे साधे रासायनिक गणित आहे. पण ते आम्ल एका दिवसात बाहेर पडत नाही. सुरुवातीला टाकलेला चुना पुरतो, झाडे तरारतात, आणि मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी लागवडीच्या मध्येच गोल, पिवळसर टकले दिसू लागतात. मातीचा सामू (pH) 4 च्या खाली गेला की विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांची टोके जाळते. जर्मनीच्या लाउझिट्झ भागातील लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, खाणींवर अशा गंधकयुक्त वाळूत झाडे उभी करण्यासाठी वीजकेंद्रांची राख आणि चुना खोलवर मिसळावा लागला होता. मोजणी दुसऱ्या वर्षी झाली असेल, तर ही टकले तिच्यात नसतात. नंतर ती कोणाच्याच खात्यात नसतात.

उपग्रहाचे थोडक्यात सांगतो. 1972 पासून लँडसॅट आणि 2015 पासून 10 मीटर बारकाईने पाहणारा सेंटिनेल-2 यांच्यामुळे कोणता ढिगारा कधी हिरवा झाला, कधी पुन्हा उघडा पडला, हे खुर्चीत बसून पाहता येते, आणि मोठ्या क्षेत्रावर टकले शोधायला तर ते फारच उपयोगी पडते. पण उपग्रहाच्या चित्रांतून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक घाणेरीचे रान आणि शंभर जातींचे जंगल यांत भेद करत नाही. आकाशातून सगळेच तिरपे पाहिल्यासारखे दाट दिसते.

खरे कठीण आहे ते काळाचे गणित. चेक प्रजासत्ताकातील सोकोलोव्ह परिसरात लिग्नाइट खाणींचे असे अनेक ढिगारे आहेत की ज्यांतले काही रीतसर सपाट करून लावले गेले आणि काही ओतले तसेच, लाटांसारखे उंचसखल, सोडून दिले गेले. सोडून दिलेल्या भागांत वाऱ्याने आलेल्या बियांतून विलो, भूर्ज आणि ॲस्पेन उगवले. तिथल्या मातीच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे खड्डे खणून पाहिले आहे की सुरुवातीला पाचोळा जमिनीवर वेगळ्या गादीसारखा साचतो आणि खालची माती फिकटच राहते. साधारण 20 ते 25 वर्षांच्या जागांवर गांडुळे येऊन पोहोचली, की ती पाचोळा खाली ओढतात आणि वरचा थर काळसर, कणीदार होऊ लागतो. अल्डर या झाडाच्या लागवडीखाली माती लवकर तयार होते, हेही तिथे दिसले आहे, तेव्हा लागवड व्यर्थ असा त्याचा अर्थ नाही. पण गांडुळाला वीस वर्षे लागत असतील, तर पाच वर्षांच्या मुदतीत आपण नेमके कशाला उत्तीर्ण करतो?

या अडचणीवर अभ्यासक एक युक्ती करतात: वेगवेगळ्या वयाचे ढिगारे एका ओळीत ठेवून एकाच ढिगाऱ्याचे आयुष्य वाचायचे. सिंगरौलीच्या कोळसापट्ट्यासारख्या कोरड्या, उष्ण प्रदेशातही असे अभ्यास झालेले आहेत आणि त्यांतून पुष्कळ कळले आहे. मात्र वीस वर्षांपूर्वीचा ढिगारा लहान यंत्रांनी, वेगळ्या थरातील दगडांनी, वेगळ्या पावसाच्या वर्षी घातलेला असतो. तो आजच्या ढिगाऱ्याचा मोठा भाऊ आहे, असे आपण धरून चालतो. कधीकधी तो शेजारीही नसतो.

आणखी एक बाब तांत्रिक वाटेल, पण तिच्यात सगळा न्याय दडलेला आहे. अमेरिकी नियमांप्रमाणे आवरण ठरवलेल्या मानकाच्या 90 टक्के असले तरी चालते, आणि ते 90 टक्के विश्वासार्हतेने दाखवायचे असते. ढिगाऱ्यावरची वाढ ठिपक्याठिपक्यांची असते, त्यामुळे दहा चौकटी आणि शंभर चौकटी यांत फार फरक पडतो. आता सुरुवातीलाच ‘ही जमीन सुधारलेली आहे’ असे गृहीत धरले आणि ते खोडून काढण्याचे काम आकड्यांवर सोपवले, तर कमी चौकटी घेणाऱ्याचा फायदा होतो, कारण तुटपुंज्या पुराव्यावर काहीच खोडता येत नाही. उलट ‘अजून सुधारलेली नाही’ असे धरले, तर सिद्ध करण्याचा भार चालकावर येतो आणि जास्त मोजणे त्याच्याच हिताचे ठरते. मी दुसऱ्या बाजूचा आहे. ज्याने जमीन उलथली त्याने पुरावा आणावा.

ऑस्ट्रेलियन बाभळीच्या एका पंधरा वर्षांच्या लागवडीत मी हे सगळे घेऊन गेलो होतो. झाडे उंच होती, सावली गार होती, पायाखाली पाचोळ्याची जाड गादी होती; पाहुण्यांना आणून दाखवावे अशी जागा. ती गादी हातभर जागेत उचकटली. या झाडाचे पान म्हणून जे दिसते ते खरे पान नव्हे, तो चपटा, चिवट झालेला देठ असतो आणि तो कुजायला वेळ घेतो. वरचे देठ तांबूस, खालचेही जवळजवळ तसेच, आणि त्यांच्याखाली एकदम करडा, कोरडा मुरूम. मधला काळा, ओलसर, बुरशीचा वास येणारा थर नव्हताच. जाळीच्या पिशव्यांत वजन करून देठ भरले आणि त्या तिथे ठेवून आलो. काही महिन्यांनी उघडल्या, तेव्हा बराचसा ऐवज जसाच्या तसा होता. झाडे खोडांच्या घेराच्या रकान्यात उत्तम गुण मिळवत होती, आणि त्यांनी टाकलेले काहीही जमिनीपर्यंत पोहोचत नव्हते.

मग मी रोपे मोजली, लावलेली नव्हे, आपसूक आलेली. दहा मीटर बाय दहा मीटरच्या त्या तुकड्यात बाभळीचीच काही पिल्ले होती. इतर जातीचे एकही नव्हते. तेथून निघून मघाच्या त्या मागच्या उतारावर, जिथे कोणी फिरकले नव्हते, तेवढेच मोठे क्षेत्र आखले. तिथे आवरण जेमतेम 35 टक्के भरले. निकषाप्रमाणे तो भाग सरळ नापास होता. पण दगडांच्या बेचक्यांत पाच जातींची झाडोऱ्याची रोपे होती, त्यांतली दोन तरी पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेली असावीत, आणि एका खोलगट जागी मुंग्यांचे चांगले रुळलेले वारूळ होते. ऑस्ट्रेलियातील खाणींवर पुनर्वसनाची प्रगती मुंग्यांच्या जातींवरून जोखण्याची रीत आहे, हे मला तेव्हा आठवले. मुंग्या ओळखणारे मात्र आमच्यात कोणी नव्हते. मी अहवालात लागवडीला उत्तीर्ण आणि उताराला अनुत्तीर्ण लिहिले, कारण रकाने तेवढेच होते, आणि ‘इतर निरीक्षणे’ या ओळीत मावेल तेवढे बारीक अक्षरात लिहिले.

निघण्यापूर्वी त्या उतारावर आखलेल्या तुकड्याचे कोपरे पक्के करायचे होते, म्हणजे दहा वर्षांनी येणाऱ्याला तीच जागा मोजता येईल. याआधी ठोकलेल्या लोखंडी सळया भंगारासाठी उपटून नेल्या गेल्या होत्या, आणि हातातले जीपीएस यंत्र चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवते, म्हणजे दहा मीटरच्या तुकड्यासाठी त्याची चूक फार मोठी. म्हणून या वेळी आम्ही सळया जमिनीखाली वीतभर गाडल्या, वरून माती सारखी केली आणि जवळच्या मोठ्या वालुकाश्मापासून प्रत्येक कोपऱ्याचे अंतर आणि दिशा होकायंत्राने घेतली. सहकाऱ्याने वहीत नकाशा काढला, दगडाचा आकार ओळखू यावा म्हणून त्याच्यावरची आडवी भेगही काढली. तो कागद अहवालाच्या शेवटच्या पानामागे जोडलेला आहे.